झोपाळ्याची पट्टी

डिलाईल रोडच्या चाळीतल्या आमच्या खोलीत झोपाळा टांगला असता, तर पहिल्याच झोक्याला आईचे पाय गॅसच्या शेगडीला लागले असते. त्यामुळे लग्नापासूनची तिची ही हौस राहूनच गेली होती. चाळीच्या जागी नवी इमारत उभी राहिली आणि तिच्यात आम्हाला गॅलरी असलेलं घर मिळालं. लोक घर बघायला आले की खिडकीतून समुद्र दिसतो का ते बघत. आईने बघितला तो गॅलरीच्या छताखालचा लोखंडी गर्डर. "हयसर टांगूया," ती म्हणाली.

बाबांनी त्याच आठवड्यात सागवानी झोपाळा आणला. वेल्डिंगवाल्याकडून दोन लोखंडी पट्ट्याही करून आणल्या. पट्टीच्या मधोमध कडी, दोन्ही बाजूंना बोल्ट, आणि ते गर्डरला खालून आवळायचे. मी पट्टी हातात घेऊन म्हटलं, "ही पातळ आहे, चालणार नाही." पोलादी इमारतींच्या जोडांची गणितं करणं हे माझं पोटापाण्याचं काम, पण घरात माझं ऐकतो कोण?

"मग बोल्ट जाडे घालू," बाबा म्हणाले. त्यांच्याकडे सगळ्या दुखण्यांवर हेच औषध आहे.

मी समजावलं. कडीला वजन आलं की पातळ पट्टी मधे खाली वाकते. तिच्या कडा वर गर्डरला टेकून दाब देतात आणि पट्टी बोल्ट उचकटायला लागते. म्हणजे झोपाळ्याचा भार आहेच, वर हा जोरही बोल्टांवरच. बाबांना काही पटेना. आईने भाजणीचा डबा आणला, चमच्याचा दांडा झाकणाखाली घातला आणि जरासा दाबून घट्ट झाकण टचकन उडवलं.

"असं ना?"

"अगदी असंच."

"म्हणजे बोल्टाने आपल्याला झेलायचं आणि पट्टीचा जाचही सोसायचा," ती बाबांना म्हणाली. "तुमच्या आईच्या हाताखाली माझं व्हायचं तसं."

बाबांनी चपला घातल्या आणि पट्ट्या बदलायला निघाले.

चांगल्या जाडजूड पट्ट्या आल्या. बोल्ट तेच राहिले. बाबांना आधी तांदळाचं पोतं ठेवून बघायचं होतं, पण आई पोत्याच्या आधीच जाऊन बसली.

"घाबरत काय ढकलताय? जोरात द्या."

बाबांनी झोका दिला. मी मान वर करून पट्टीच्या कडेकडे बघत होते. पट्टी केसभरही वाकत नव्हती आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

"वर काय बघतंस गो? माका बघ."

मी बघितलं. आईचे दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटलेले मी जन्मात पहिल्यांदा बघत होते.