घटावरची फट

झेंडूची माळ अर्धीच ओवून झाली होती. सरूबाईंनी सुईत पुढचं फूल घेतलं आणि हात थांबला. घटापाशी नंदादीपाची ज्योत इतकी सरळ उभी होती, की चित्रातली वाटावी. उदबत्तीचा धूर छताखाली साचला होता, हलतच नव्हता. आणि खाटेवर त्यांचे यजमान, कमळाकरराव, श्वास घेत होते. रहाटावरून ओला दोर ओढावा तसा, करकरत.

वरसे गावातल्या या घरात देव्हारा आणि त्यांची खाट एकाच खोलीत. कमळाकररावांचा जन्म रसायनांच्या कंपनीच्या शिफ्टांत गेला, छाती अधू झाली. तिन्हीसांजेला वारा तिकडचाच उग्र वास घेऊन येई, म्हणून खिडक्या बंद. डॉक्टर म्हणाले, "खिडकी उघडू नका, पण हवा खेळती हवी." मग पंख्यांचं दुकान असलेल्या पेणच्या निसीमने गच्चीवर गाळणी लावलेला पंखा बसवला आणि पत्र्याच्या नळीने हवा छतात आणली.

ती खोलीत उतरवायची कुठून, एवढंच ठरवायचं होतं. निसीमने दोन नमुने आणले. एक ताटलीएवढी गोल, भोकाभोकांची झाकणी, दुसरी छताच्या कडेला लपून जाणारी लांब फट. छत नवं होतं. पेणच्या गणपती कारखान्यातल्या हातांनी त्यावर कमळाची वेल काढली होती.

"वहिनी, गोल घ्या. दिसते, पण हवा चौफेर पसरवते. फट दिसायची नाय, पण वाऱ्याची धार मारते."

"मारू दे. देवाच्या डोक्यावर ताटली नको बाबा."

कमळाकरराव खाटेवरून हसले. "मला वारा हवाय गो आणि तुला वेल. घे तुझी वेल!"

घटस्थापनेच्या तोंडावर काम झालं. फट आली नेमकी देव्हाऱ्यावर. घट बसले आणि ज्योत आडवी पडायला लागली. सरूबाईंनी सुपाचा आडोसा केला, तर वारा भिंतीला आपटून मागून आला. नवरात्रात दिवा विझला की घरधन्यावर येतं, असं त्यांची आई म्हणायची. एका वर्षी आईचा दिवा विझला होता; दिवाळीआधीच वडील मिठागरावरून घरी आले ते चौघांच्या खांद्यावर. सरूबाई स्टुलावर चढल्या आणि जुन्या लुगड्याची पट्टी फटीत ठासून भरली. कुणाला दिसायचा प्रश्नच नव्हता. फट निवडलीच होती न दिसणारी.

ज्योत उभी राहिली. तेव्हापासून धाप लागून कमळाकररावांची उशी मात्र उंच उंच होत गेली. सरूबाई आधी म्हणाल्या, हवा बदलली. मग म्हणाल्या, उपासाचं पित्त. देवीला नवस बोलून झाला. कारण डोक्यावरच कोंबलेलं होतं, तिकडे त्यांनी मान वर केली नाही.

आता त्यांनी यजमानांचा हात हातात घेतला. नखं जांभळी दिसत होती.

"झोपलात का?"

"नाय गो. पंखा... बंद पडला काय?"

गच्चीवर पंखा घरघरत होता. सरूबाईंनी माळ ताटात ठेवली, स्टूल ओढलं. हात फटीपाशी थबकला. खाली ज्योत होती, आणि ज्याच्यासाठी ती एवढी जपली तो माणूस तोंड उघडं टाकून हवा शोधत होता.

"आई, सांभाळ गो," म्हणत त्यांनी पट्टी खेचली.

वाऱ्याची धार सरळ खाली आली. ज्योत निळी झाली आणि गेली.

खाटेवरची करकर जराशी सैल झाली. "आला वारा," कमळाकरराव डोळे मिटूनच म्हणाले. "दिवा हाय ना?"

"व्हय, हाय."

काडी ओढली, विझली. पुन्हा ओढली, तीही विझली. शेवटी वात पेटली ती ओंजळीच्या आत, आणि तिथेही थरथरत राहिली.

सरूबाईंनी शेजारच्या पुतळीला हाक मारून घटापाशी बसवलं. "ओंजळ हलवू नको गो. आणि यांना काय बोलू नको."

"वहिनी, हात भाजतील माझे!"

"भाजला तर हात बदल. पण ज्योत सोडू नको."

चपला घालताना त्यांनी मागे वळून बघायचं टाळलं. अर्धी माळ ताटातच होती. निसीमच्या दुकानातून गोल झाकणी आणायला सरूबाई पेणच्या एसटीकडे निघाल्या.