खाटयेर मारल्ले ठोके

भुताखेतांवर माझो कधीच इस्वास नव्हतो. काळोखात टोपली डोक्यार घेवन खाडयेच्या कडेन मी वर्सानुवर्सां मासे इकूक गेलंय. माका कधी भूत दिसला नाय की देवचार भेटलो नाय. भेटलो आसतो तर तेकाच टोपली उचलूक सांगितलंय आसतंय. माका लिवाक येणा नाय. मी सांगतंय, नात लिवता.

गाव मालवणच्या दक्षिणेक, खाडी दर्याक मिळता थय. सिंधुदुर्ग जिल्हो तेव्हा नुकतोच वेगळो झाल्लो, त्या वर्सांतली ही गजाल.

तेच्या कितीतरी वर्सां आदी माझो घो बुडी मारणारो होतो. जाळा पाण्याखाली खडपात अडाकला काय ह्यो खाली जावन सोडवी. मी होडयेत बसान रवय. खूप वेळ झालो की होडयेच्या काठार मुठीन ठोकूचा – दोन लागोपाठ, जरा थांबान एक. म्हणजे 'वर ये'. तेका खाली ता ऐकाक येय. मग तो तसेच बुडबुडे सोडी. दोन... एक. म्हणजे 'येतंय'.

एक दिवस बुडबुडे इलेच नाय. काळोख पडासर मी ठोकीत रवलंय. तो गावलोच नाय. मग झील एकटेनच वाढवलंय, तेका सून हाडलंय.

ती सून सातव्या म्हयन्यात बाळात झाली. चेडू मुठीएवढा, श्वास घेताना बरगडये आत जायत. तालुक्याच्या हॉस्पिटलात – नाव नको – श्वासाचा मशीन खयचा? एक नवो डॉक्टर होतो, घाटावरचो. तेना चेडवाच्या नाकात बारीक नळये घातल्यान, ऑक्सिजनचो बाटलो जोडल्यान, आणि श्वास बाहेर सोडूची नळी पाण्याच्या बाटलयेत बुडवल्यान. पाण्यात बुडबुडे येवक लागले.

"मावशी, फुगा पूर्ण मिटला की परत फुगवायला जड जातो ना? हिची फुफ्फुसं तशी आहेत. ह्या पाण्याच्या दाबानं ती मिटत नाहीत. बुडबुडे थांबले की लगेच हाक मारा."

बुडबुडे बघूचा काम माका कोणी शिकवूक नको होता.

सुनेची आवस बघूक इली. म्हणाली, "गो बाय, चेडवाक गुडगुडी लावल्यानी. आता थोडो तंबाखू पण घाला."

"गप बस गो विहिणी," मी म्हटलंय. "माझी नजर हलवू नको."

दोपारी ऑक्सिजन संपलो. दुसरो बाटलो कुडाळसून येवचो होतो, गाडी वाटेत बंद पडल्ली. नर्सबायन बाटल्यावरच्या काट्याकडे बघल्यान नि डॉक्टराक बोलवूक धावली. बाटलयेतला पाणी थारला. चेडू काळानिळा पडला.

मी काय विचार करून केलंय नाय. माझी मूठ आपसूक खाटयेच्या लोखंडार गेली. दोन लागोपाठ, जरा थांबान एक.

बाटलयेत बुडबुडे इले. दोन... एक.

परत ठोकलंय. परत इले. चेडवाची छाती हलली.

डॉक्टर इलो. काटो बघल्यान, बाटल्याची चावी बंद करून बघल्यान. "हे येतंय कुठून?" म्हणान माझो हात धरल्यान. बुडबुडे थांबले. तेना झटक्यान हात सोडल्यान. "चालू ठेवा, मावशी." मग सवताच्या मुठीन ठोकून बघल्यान. एकव बुडबुडो इलो नाय. परत माझ्याकडे बघल्यान, आणि बाजूक झालो.

मी ठोकीत रवलंय. बोटांची सालां गेली, रगत इला. विहीण माझ्या मुठीखाली पदराची घडी धरूक लागली.

"काढ ती," मी म्हटलंय, "आवाज जाता."

तिना पदर काढल्यान. मगे रडीत बसली. खांदो भरान इलो, तरी हात चालूच. उन्हां कलली तेव्हा गाडी इली.

मागसून डॉक्टर म्हणालो, "सिलिंडरच्या तळाशी थोडी हवा राहिली असेल." बाटलो थय कोपऱ्यात, मी ठोकी होतंय हय खाटयेर. तेकाय ता ठावक होता. मान खाली घालूनच बोललो.

चेडू जगला. ह्या लिवता ती तीच. आता तिकाच पोरां आसत. माका विचारता, "आजये, तो आजो होतो काय गो?"

माका ठावक नाय. इतकी वर्सां गेली, कोणाकच सांगाक इला नाय. एवढाच ठावक आसा – नवो बाटलो जोडल्यार डॉक्टर म्हणालो, "आता थांबा, मावशी." बाटलयेतसून तोपर्यंत 'येतंय, येतंय' चालूच होता... आणि मी ठोकूचा बंद केलंय.