जांभळ्या टोपीची नळी

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या वॉर्डात सगळ्यांना ठाऊक आहे. एकदा तो एका पोरीला भोवला, ते मात्र आम्हा तिघींनाच माहीत आहे.

नदीकाठच्या मणिबेलीकडची एक बाई सात वर्षांच्या लेकीला घेऊन आली होती. आधी बोट, मग जीप. पोर पांढरीफटक पडलेली. तपासणी झाल्याशिवाय रक्त चढवायचं की नाही, हे डॉक्टरांना ठरवता येत नव्हतं. मी दंडाला पट्टा बांधला, कोपराच्या खळगीत बोटाने चाचपलं, पण शीर सापडेना. गरम फडक्याने हात शेकला. पहिली सुई फुकट गेली. दुसऱ्या हातातून कसंबसं दोन मिली रक्त मिळालं.

जांभळ्या टोपीच्या नळीत रक्त गोठू न देणारं औषध असतं. रक्त आत गेलं की नळी आठ-दहा वेळा हळूच खालीवर करायची, हे आम्ही नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी शिकतो. मी ती मुठीत धरून आईवर उखडले, “इतके दिवस काय झोपा काढत होता?” तिला मराठी कळत नव्हतं. सूर कळला.

तासाभरात लॅबमधून निरोप आला, गुठळी झालीय, परत पाठवा.

आमच्या सफाईच्या मावशींना डोंगरातली बोली येते. त्यांना म्हटलं, “नळी खराब निघाली, सांगा तिला.” आईने ऐकलं आणि स्वतःचा हात माझ्यापुढे धरला.

मावशी म्हणाल्या, “ती म्हनस, पोरले आते टोचू नका. मन्हं रगत ल्या. दोन्हीनं एकच शे.”

मला इतकी लाज वाटली की खोटं पुढे रेटवेना. “मावशी, नळी चांगली होती. मीच हलवली नाही. तसंच सांगा.” मावशींनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मनगट खालीवर फिरवत तिला सांगितलं. लेकीला मांडीवर घट्ट धरून आईनेच तिचा कोपर सरळ केला.

पुन्हा सुई टोचली तरी पोर रडलीसुद्धा नाही, तेवढं त्राण नव्हतं. त्याच दिवशी रिपोर्ट आला, रक्त चढलं, पुढे ती चालत घरी गेली. मला अजून दिसतो तो तिच्या आईचा हात. त्या वेळी मी नवी नळी हलवू लागले तसा तोही माझ्याबरोबर रिकामाच खालीवर होऊ लागला, आणि मी थांबले तरी थांबला नाही.