खाली बसून पाहिलेला मॉनिटर

वर्धा जिल्ह्यात पारखी माणसं पुष्कळ असतील, पण कुठलीही वस्तू खालून पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास न ठेवणारा माणूस एकच, तो म्हणजे माझ्या वहिनीचे काका. सगळे त्यांना काकाजी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. हिंगणीला त्यांची वांग्या-टमाट्यांची वाडी. आठवडी बाजारात पोत्यावर बसून त्यांनी तीस वर्षं भाजी विकली. इतकी वर्षं जग गुडघ्याच्या उंचीवरून पाहिल्यामुळे उभं राहून पाहिलेलं त्यांना खरंच वाटत नसे. गिऱ्हाईक ते चपलेवरून ओळखत. "तोंड हासते बाप्पा, चप्पल नाई हासत," असं म्हणून घासाघीस करणारी चप्पल दहा पावलांवरून सांगत. घरी पंखा घ्यायचा होता तेव्हा दुकानात चालू पंख्याखाली ते सरळ उताणे झोपले. दुकानदाराला वाटलं चक्कर आली. त्यानं तोंडावर पाणी मारलं. त्यांच्या पुतणीचं माझ्या भावाशी जुळत होतं, तेव्हा ते आमचं घर पाहायला आले. आईनं शेजारून खास खुर्ची आणली होती. काकाजींनी ती बाजूला सारली, जमिनीवर बसले, चहा येईपर्यंत खाटेखाली पाहत राहिले आणि जाताना म्हणाले, "खाटेखाली झाडलेलं हाये. पोरगी देतो." बाबांनी माझ्या बी.ए.चा उल्लेख तीनदा केला होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यांना कौतुक. काकाजींनी तो ऐकला नसेल असं मला वाटलं, पण त्या दिवसापासून त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. "काऊन बीए, जेवला का?"

हा बीए पुढे सेलूला एका खोलीत कॉम्प्युटर मांडून बसला. लग्नाच्या फोटोंचे अल्बम तयार करायचे, तेव्हा ते काम नवीनच होतं. काम देणारे एकच, वर्ध्याचे स्टुडिओवाले सेठ. माझा मॉनिटर जुना, कुणाकडून तरी वापरलेला घेतलेला, आणि पिवळा पडत चाललेला. पडद्यावरची नवरी मला पिवळी दिसे, मी इमानदारीनं तिचा पिवळेपणा काढत जाई, आणि छापून यायची ती निळी. लागोपाठ दोन अल्बम परत आले. दुसऱ्या वेळी नवरीच्या आईनं सेठना विचारलं, "माह्या पोरीले काय साप चावला होता का?" सेठ मला म्हणाले, "तिसराही असाच आला, तर काम नागपूरला." नागपूर म्हणजे माझं दुकान बंद, आणि मी बाबांबरोबर पुन्हा शेतात निंदणाला.

वहिनीनं हे काकाजींच्या कानावर घातलं असणार. मॉनिटर घ्यायला वर्ध्याला निघालो, तर बसस्टँडवर काकाजी हजर. "चाल बीए. मी पाह्यतो."

दुकानात दोन मॉनिटर शेजारी शेजारी मांडले होते. एक जुन्या पद्धतीचा, मागे टीव्हीसारखी मोठी पाठ असलेला. दुसरा नवा, पाटीसारखा सपाट, पातळ. पातळावर माझं मन आधीच गेलं होतं. दुकानदारही म्हणाले, "साहेब, जमाना याचा आहे." मला आयुष्यात कुणी साहेब म्हणालं नव्हतं. मी निळ्या नवरीची सीडी सोबत नेली होती. तिचा मूळ फोटो त्यांनी दोन्ही पडद्यांवर लावला. पातळावर ती अशी उजळली की मी खिशात हात घातला.

तेवढ्यात काकाजी चकचकीत फरशीवर मांडी घालून बसले.

"काका, खुर्ची घ्या ना," दुकानदार म्हणाले. माझे कान तापले. मी दुसरीकडे पाहू लागलो.

"बीए, इकडं ये. बस खाली."

"काकाजी, उठा ना. लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे. तू नवरी पाह्य."

बसलो. पातळ पडद्यावरची नवरी काळी ठिक्कर पडली होती, दात आणि डोळे तेवढे विचित्र चमकत होते. शेजारच्या जाड्या मॉनिटरवर ती होती तशीच, गव्हाळ, शांत.

"कॉम्प्युटर खाली बसून कोण पाह्यते, काका?" दुकानदार हसले.

"कोनी नाई पाह्यत. पन मी मान हालवली त रंग हालला. मंग खरा कोनता, तुमी सांगा."

दुकानदारांनी स्वतः जरा वाकून पाहिलं. आणि मला एकदम माझी खोली दिसली. मी खुर्चीवर बसून रंग लावतो, सेठ कधी आलेच, तर माझ्या मागे उभे राहून पाहतात. या पातळ पडद्यावर आम्ही दोघांनी दोन वेगळ्या नवऱ्या पाहिल्या असत्या. मी जाडा घेतला. बसमध्ये काकाजींनी तो सेलूपर्यंत मांडीवर धरला, कुणाला हात लावू दिला नाही.

तिसरा अल्बम गेला आणि चार दिवस मला जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी सेठ स्वतः आले. मी उठून उभा राहिलो. ते म्हणाले, "बस, बस. नवरीच्या आईनं फोटोवरून हात फिरवला. म्हणे, हो, आमचीच हाये." आणि टेबलावर पुढच्या चार लग्नांच्या सीड्या ठेवल्या. त्या दुपारी मी दोन वेळचं एकदम जेवलो.

पुढे पातळ मॉनिटरही सुधारले, जाडे मिळेनासे झाले. नवा घ्यायचा ठरला तेव्हा मी आपणहून काकाजींना न्यायला हिंगणीला गेलो. बाजार त्यांनी सोडला होता. गुडघे वाकत नव्हते. दुकानात कुणी न सांगता ते खुर्चीवर बसले. फोटो लागला. काकाजी खाली वाकू गेले, अर्ध्यात थांबले, आणि फरशीकडे पाहत राहिले.

मी चपला काढल्या आणि फरशीवर मांडी घातली. या वेळी कोण पाहतंय ते मी पाहिलं नाही.

"काऊन बीए, तिथून कशी दिसते?"

"तशीच दिसते, काकाजी. हालत नाई."

त्यांनी खुर्चीला पाठ टेकली. "मंग घेजो," म्हणाले.