हेमांगिनीच्या नावाची दुरुस्ती

पार्वताबाईंनी जन्माचं रजिस्टर माझ्या टेबलावरून आपल्याकडं फिरवून घेतलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, हे नाव खोडा."

त्यांना वाचता येत नव्हतं. पण बोट बराबर ओळीवर होतं. दोन महिन्यांपूर्वी ती नोंद झाली तेव्हा त्या माझ्या खुर्चीमागं उभ्या राहून, नातीचं नाव कागदावर कुठं पडतंय ते पाहत होत्या. नाव होतं हेमांगिनी.

मी तेव्हा पिंपळगाव रेणुकाईच्या पुढच्या एका लहान गावात ग्रामसेवक होतो. ग्रामसेवक म्हणजे नळ, गटार आणि घरपट्टी, एवढंच लोकांच्या डोक्यात असतं. पण गावात कोण जन्मलं आणि कोण गेलं, याची सरकारी नोंदही आम्हीच ठेवतो. त्या रजिस्टरला खोडरबर चालत नाही, व्हाईटनर चालत नाही. लिहिलेली ओळ तशीच राहते. फार तर समासात दुरुस्ती लिहायची, आणि तीही चूक झाली असेल तरच.

मी विचारलं, नावात चूक काय आहे?

"नाव चांगलं हाये. बाई खराब निघाली."

कोणती बाई, हे मला विचारावं लागलं नाही. गावात टीव्ही दहा-बारा असतील, आणि संध्याकाळी आठला त्या सगळ्यांवर एकच सीरियल लागायची. तिच्यात मोठ्या घरची थोरली सून होती, हेमांगिनी. माझ्या खोलीवर टीव्ही नव्हता. तरी ती आज काय बोलली, कोणती साडी नेसली होती, हे मला ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसल्या बसल्या कळायचं. ती सासूचे पाय चेपायची. नणंदेच्या लग्नात तिनं स्वतःचे दागिने काढून दिले होते. पार्वताबाई आपल्या सुनेला, सविताला, दिवसातून दहा वेळा तिचा दाखला द्यायच्या. सविताला मुलगी झाली तेव्हा नावावरून चर्चाच झाली नाही. पार्वताबाई स्वतः 'हेमांगनी' म्हणायच्या. खरं नाव सवितानं सांगितलं आणि मी ते आधी कच्च्या कागदावर तीनदा गिरवून पाहिलं.

आणि आता त्या हेमांगिनीनं, मंगळवारी, सगळ्यांच्या देखत, सासूच्या दुधात पांढरी पूड कालवली होती.

"सोताच्या डोळ्यानं बघितलं. पुडी पदरात बांधून आल्ती," पार्वताबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्यांनी नातीला मांडीवर घेतलं नव्हतं. नावानं हाक मारणं तर बंदच. 'ही' म्हणायच्या, 'पोरगी' म्हणायच्या. एकदा पाळण्याकडं बघून 'झोपली का बया' म्हणाल्या, ते सविताला फार लागलं. नाव बदलल्याशिवाय पोरीला कोणी हात लावणार नसेल तर मी माहेरी जाते, असं तिनं सांगून टाकलं. तिचा नवरा भगवान दारात उभा होता. आईचं सगळं बोलणं झाल्यावर तो हळूच म्हणाला, "भाऊसाहेब, कायबी करा पण जल्दी करा. दोन चुली व्हायची पाळी आली."

मी समजावून सांगितलं की चूक दुरुस्त करता येते, मन बदललं म्हणून नाव बदलता येत नाही. त्यांना पटेना. तेव्हा मी नियमांचं पुस्तक काढलं आणि वाचून दाखवलं. इथं माझं चुकलं. नियमात असं होतं की नोंद चुकीची असेल, किंवा फसवणुकीनं झालेली असेल, तर दुरुस्ती करता येईल. मी 'चुकीची'पाशी थांबायला पाहिजे होतं.

"मंग बराबर हाये," पार्वताबाई म्हणाल्या. "फसवलंच की तिनं आम्हाला. वर्षभर."

पुढं नोकरीत मला बऱ्याच वकिलांशी बोलावं लागलं. कलमाचा इतका नेमका वापर त्यातल्या फार थोड्यांनी केला.

मी म्हणालो, लेखी अर्ज द्या. हा आमचा जुना उपाय. दहातली आठ माणसं अर्ज म्हटल्यावर परत येत नाहीत. पार्वताबाई तासाभरात आल्या. भगवाननं वहीच्या पानावर अर्ज लिहिला होता, खाली आईचा अंगठा. अर्ज असा होता: 'हेमांगिनी नावाच्या बाईने चांगली असल्याचे भासवून आमच्या कुटुंबाची फसवणूक केली व त्या भरात आम्ही नातीला तिचे नाव दिले. सदर बाईने सासूला विष घातल्याचे आम्ही सर्वांनी समक्ष पाहिले आहे. तरी नाव कमी करावे ही विनंती.'

त्यात टीव्हीचा, सीरियलचा शब्दही नव्हता. भगवानला लिहायची गरज वाटली नाही, कारण गावात सगळ्यांना माहीत होतं. आणि वाचताना माझ्याही लक्षात आलं नाही, कारण मलाही माहीत होतं.

आलेल्या कागदाला आवक नंबर द्यावाच लागतो. मी नंबर टाकला, वर 'योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर' असं लिहिलं आणि सोमवारी कागद तालुक्याला पाठवून दिला. हे चार शब्द लिहिले की कागद आपला राहत नाही.

आठवडा संपायच्या आत काळे साहेब मोटारसायकलवर येऊन उभे राहिले. हे आमचे विस्तार अधिकारी, म्हणजे ग्रामसेवकाच्या डोक्यावरचे पहिले साहेब. हातात फाईल. चहाही नको म्हणाले.

"तुमच्या गावात बाईला विष घालतात," ते म्हणाले, "आणि तुम्ही मला नावाची दुरुस्ती पाठवता? पोलीस पाटलाला कळवलं का?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी म्हणालो, साहेब, त्याचं असं आहे. साहेबांनी हात वर केला. चौकशी चालू असताना दुसऱ्यानं बोललेलं त्यांना खपत नसे. आधी अर्जदाराचा जबाब, मग तुमचं, असं म्हणाले. मी आणखी एकदा तोंड उघडलं, आणखी एकदा हात वर झाला. मग मी कागद आणि पेन घेतलं, कारण जबाब लिहून घ्यायचं काम माझंच होतं.

पार्वताबाई आल्या. मागं भगवान, आणि दाराशी बाळाला घेऊन सविता. आमचे शिपाई रशीदभाई खिडकीबाहेर जाऊन उभे राहिले. तिथून सगळं ऐकू येतं.

साहेबांनी विचारलं, ही हेमांगिनी कोण. पार्वताबाई म्हणाल्या, मोठ्या घरची सून. तुमच्या नात्यातली का? तर न्हाई, पण रोज घरी यायची. किती वाजता? आठला. ऐतवारी न्हाई यायची. मी लिहीत गेलो.

विष घालताना कोण कोण हजर होतं, असं साहेबांनी विचारलं. पार्वताबाईंनी नावं सांगायला सुरुवात केली. चौदा झाली. साहेबांचा चेहरा लाल झाला.

"चौदा माणसं होती, आणि एकानंही तिचा हात धरला नाही?"

पार्वताबाईंनी साहेबांकडं जरा कीव आल्यासारखं पाहिलं.

"कसा धरायचा साहेब? काचंच्या आत होती ती."

मी तेही लिहिलं.

साहेबांनी सावकाश माझ्याकडं मान वळवली आणि विचारलं, ही कोणती हेमांगिनी. मी सीरियलचं नाव सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. खिडकीतून रशीदभाईंचं डोकं खाली गेलं. मला आता मेमो मिळणार, हे मी धरून चाललो. मेमो म्हणजे सरकारी भाषेत लेखी कानउघाडणी. माझ्या नोकरीत तोवर एकही नव्हता.

साहेबांनी चष्मा परत लावला आणि पार्वताबाईंकडं वळून अगदी वेगळ्याच आवाजात विचारलं, "मावशी, त्या मंगळवारचा एपिसोड तुम्ही पुरता पाहिला का?"

"न्हाई. तिनं पूड दुधात टाकली आन आमची डीपी जळाली."

डीपी म्हणजे गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर. आमच्याकडं तो जळाला की नवा यायला आठ दिवसही लागतात, पंधराही लागतात. गाव त्या मंगळवारपासून अंधारात होतं. हेमांगिनीची पूड दुधात पडली आणि टीव्ही काळा झाला, तो झालाच. गावानं तिला शेवटचं पाहिलं ते असं.

"ते विष नव्हतं मावशी," साहेब म्हणाले. "विष दुधात आधीच होतं. मुनीमानं घातलेलं. हिला कळालं, म्हणून हिनं उतारा कालवला. आणि सासूला द्यायच्या आधी अर्धा गिलास सोता पिली."

शेवटच्या वाक्याला साहेबांचा आवाज जरा जड झाला. मग म्हणाले, त्यांच्या घरी त्या दिवशी कोणी नीट जेवलं न्हाई. साहेब 'न्हाई' म्हणतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

दारातून सविता बोलली. "मी चार दिसापासून हेच सांगून राह्यले. भोकरदनच्या भैनीनं फोनवर सगळं सांगितलं. आत्याबाई ऐकतच न्हाईत."

पार्वताबाईंचं म्हणणं असं की सून सुनेचीच बाजू घेणार. त्यांनी साहेबांना विचारलं, तुम्ही सोता बघितलं का? साहेब म्हणाले, सोता. मंग कागदावर घ्या, त्या म्हणाल्या.

साहेबांनी मला खूण केली. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: 'सदर हेमांगिनी ही निर्दोष असून तिने स्वतः अर्धा ग्लास प्राशन केल्याचे मी समक्ष पाहिले आहे.' साहेबांनी ते दोनदा वाचलं. पेन हातात घेऊन बराच वेळ बसले. पार्वताबाई हलेनात. शेवटी साहेबांनी सही केली, आणि हा कागद तालुक्याला येता कामा नये, असं मला दबक्या आवाजात बजावलं. अर्जावर त्यांनी शेरा मारला: 'चौकशीअंती अर्जदाराची फसवणूक झाल्याचे दिसून येत नाही. नोंद कायम.' मेमोचा विषय निघाला नाही. निघाला असता तर त्यात काय लिहायचं, हा त्यांच्याही पुढं प्रश्न होता.

पार्वताबाईंनी शेरा मला वाचायला लावला. मग उठून दाराशी गेल्या आणि सविताच्या हातून नातीला घेतलं. पायऱ्या उतरताना मला त्यांचा आवाज ऐकू आला. उतारा कशाचा होता म्हणली तुझी भैन, असं विचारत होत्या. सविता सांगायला लागली, तर म्हणाल्या, "तसं न्हाई. पहिल्यापासून सांग." भगवान मागून रिकाम्या हातानं चालत होता.

तेव्हापासून मी एक नियम केला. कोणी सीरियलमधलं नाव घेऊन आलं की मी जन्माची नोंद करून घ्यायचो आणि नावाचा रकाना कोरा ठेवा म्हणायचो. तशी सोय आहे. नाव नंतर, वर्षाच्या आत, विनाखटपट लिहिता येतं. पण सीरियलवाल्यांना वर्ष कुठं पुरतं. ही सीरियल चार वर्षं चालली, आणि तिसऱ्या वर्षी हेमांगिनीनं त्याच सासूला बॅग हातात देऊन घराबाहेर काढलं. तोवर माझी परतूर तालुक्यात बदली झाली होती. पार्वताबाई पुन्हा अर्ज घेऊन आल्या का, हे मी नव्या ग्रामसेवकाला कधी विचारलं नाही.