उलट्या माझ्या होत्या

गाडी शिकवणाऱ्या बाईंना सगळा भाग 'हॉर्नबाई' म्हणून ओळखायचा. शिकाऊ माणसाने चुकीचा गिअर टाकला की त्यांचा आवाज बंद काचांमधून रस्त्यापलीकडे जायचा. "अहो, क्लच आहे तो, पायपुसणं नाही!" तरीही स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून बसणारी भित्री माणसं त्यांच्याकडेच यायची. बाई जे काही बोलायच्या ते तोंडावर, मागे कुणाबद्दल अवाक्षर काढायच्या नाहीत.

नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून बसवायचा, म्हणून सगळे त्यांना चष्मेवालेच म्हणत. बाई जेवढ्या तडतड्या, तेवढे हे मवाळ. चहात माशी पडली तर चमच्याने काढून टाकतील, पण कप परत पाठवणार नाहीत.

बाईंच्या छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं आणि मग केमो सुरू झाली. पहिल्या खेपेला सलाइन लावायच्या आधी सिस्टरने उलटी थांबवणारं एक इंजेक्शन दिलं आणि घरी जाताना हातात गोळ्या ठेवल्या. संध्याकाळपर्यंत सगळं बरं होतं. नंतर जे सुरू झालं त्याला उलटी म्हणणं म्हणजे पुराला गळती म्हणण्यासारखं होतं. गोळी घेतली की गोळी बाहेर, पाण्याचा घोट घेतला की घोट बाहेर. पोटात काही उरलं नाही तरी पोट पिळवटतच राहिलं. चष्मेवाले बादली धुऊन आणत, पाठ चोळत आणि पुन्हा बादली धुवायला जात.

नणंद भेटायला आली. दारातूनच म्हणाली, "वहिनी, उलट्या होतात म्हणजे औषध लागू पडतंय हो. सोसायचं आता."

बाईंच्या अंगात ओरडायचं त्राण नव्हतं. "तू सोस," एवढंच म्हणून त्या परत बादलीवर वाकल्या.

दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. उलट आणखी एक भर पडली. केमोच्या हॉलचं दार उघडून तो स्पिरिटचा वास आला की सुई टोचायच्या आधीच बाईंना उमळून यायचं. घरी आल्यावर एवढं पाणी गेलं की गल्लीतल्या डॉक्टरांना सलाइन लावावं लागलं. घसा असा बसला की फोनवर शिकवणी रद्द करताना समोरचा विचारायचा, "कोण बोलतंय?" कुणीतरी आपला आवाजच काढून नेला, असं बाईंना वाटलं.

तिसऱ्या खेपेच्या आधी तपासणी होती. आधीच्या दोन्ही खेपांनंतर आठवड्याने झालेल्या तपासण्यांना सिस्टर बाईंना वजनाला शेजारच्या खोलीत न्यायची आणि चष्मेवाले एकटेच डॉक्टरीणबाईंसमोर बसायचे. या वेळी बाई म्हणाल्या, "वजन मागाहून," आणि आत जाऊन खुर्चीत बसल्या.

डॉक्टरीणबाई वयाने लहान, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. कागद चाळत म्हणाल्या, "छान. उलट्यांचा फारसा त्रास नाहीये, तर मागचीच औषधं चालू ठेवू."

"कुणाला त्रास नाहीये?"

"तुम्हाला. दोन्ही वेळा मी विचारलं. हे म्हणाले, थोडं मळमळतं, बाकी ठीक."

बाईंनी मान वळवली. चष्मेवाले चष्मा काढून पुसत होते.

"अहो, घरी बादल्या कुणी धुतल्या?"

"मीच की."

"मग इथे येऊन तोंडाला कुलूप का लावलंत?"

"बाहेर एवढी गर्दी असते. आपण कुरकुर केली आणि या चिडल्या, तर? तुझ्याकडे नीट लक्ष दिलं नाही, तर? आणि सगळेच म्हणतात, एवढं होतंच..."

"होतंच!" बाईंचा फाटका आवाज चिरकला. "माझं आतडं तोंडात आलं आणि तुम्ही इथे सभ्यपणा मिरवत होता?"

"एवढं होऊ द्यायचं नसतं," डॉक्टरीणबाई मध्ये पडल्या. "मला कळलं असतं तर मागच्याच वेळी इंजेक्शनं वाढवली असती."

बाई त्यांच्याकडे वळल्या. "आणि तुम्ही! उलट्या माझ्या, तोंड माझं, आणि विचारलंत यांना? मी शेजारच्या खोलीत काट्यावर उभी होते. मेले नव्हते!"

डॉक्टरीणबाई कागद खाली ठेवून म्हणाल्या, "चुकलं माझं. तुम्हालाच विचारायला हवं होतं."

चूक कबूल केली म्हणून बाई निवळल्या असं मुळीच झालं नाही. भांडायला कंबर कसून उभं राहावं आणि समोरच्याने वाटच मोकळी करावी, तसं झालं. राग आतल्या आत धुमसत राहिला. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, की गोळ्या पोटात टिकत नसतील तर त्यांच्यावर भिस्त ठेवून चालणार नाही. या वेळी शिरेतूनच द्यायचं, एक नाही, वेगवेगळी इंजेक्शनं, तीही केमो सुरू व्हायच्या आधी. त्यातल्या एकाचा परिणाम पुढचे काही दिवस राहतो. हॉलच्या दारातच उमळतं, त्यासाठी वेगळी गोळी, आदल्या दिवशी घ्यायची.

तिसरी खेप झाल्यावर संध्याकाळी घरी बाई सवयीने बादली शेजारी ओढून बसल्या. काही आलं नाही. किंचित मळमळलं आणि विरलं. चष्मेवाल्यांनी भीत भीत मऊ भात पुढे केला. दोन घास पोटात गेले, आणि तिथेच राहिले.

तेव्हा बाईंचा खरा भडका उडाला. त्यांनी बादलीला अशी लाथ मारली की ती भिंतीवर आपटून कलंडली.

"बघा! एवढंच होतं! एवढ्यासाठी मी मरणाच्या दारात जाऊन आले!"

"आता बरं वाटतंय ना?"

"बरं वाटतंय म्हणून तर डोकं फिरलंय माझं!" आणि ऑपरेशनच्या वेळीसुद्धा न रडलेल्या बाई ढसाढसा रडल्या. चष्मेवाले जवळ येऊ लागले तर त्यांनी हात वर करून त्यांना तिथेच थांबवलं. भाताचं ताट मात्र सोडलं नाही. रडत रडत संपवलं.

पुढच्या तपासणीला चष्मेवाले आत शिरताच उभ्याउभ्या बोलू लागले. डोकं दुखतं, पोट साफ होत नाही, किती दिवस झालं नाही, कसं होतं, सगळं अगदी साग्रसंगीत. मागे उभी असलेली सिस्टर तोंड फिरवून हसली. बाईंचे कान लाल झाले.

"बसा खाली! पोट माझं आहे, मी सांगते!"

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची बाईंकडे वळवली. इंजेक्शनांनी असं होऊ शकतं म्हणाल्या आणि त्यावरही औषध दिलं.

उरलेल्या खेपा बाईंनी पार पाडल्या. त्या सुखाच्या नव्हत्या, पण माणसाला सोसतील अशा होत्या. नणंदेने पुन्हा एकदा 'लागू पडतंय' काढलं, तेव्हा घसा बरा झालेला होता. शेजारच्या बायका खिडकीत आल्या, एवढं नणंदेला ऐकून घ्यावं लागलं.

केस परत यायला लागले तशा बाई गाडीत बसू लागल्या. चष्मेवाल्यांशी बोलणं सुरळीत झालं, पण ती दोन खेपांची गोष्ट निघाली की त्या आजही उठून दुसऱ्या खोलीत जातात.

"माफ नाही केलंस?" त्यांनी एकदा विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "कपडे वाळत घाला, मला क्लासला उशीर होतोय."