काळ्या विहिरीत पडला तेव्हा

काल सुनेनं पाण्याची टाकी धुतली. ओल्या गाळाचा वास आला आणि मला निलंग्याकडची ती विहीर आठवली. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पावसाचा पत्ता नव्हता. आमचा कुत्रा काळ्या सकाळपासून दिसत नव्हता. लांडगे शेळ्यांवर टपलेले, त्याच्याशिवाय त्या राखणार कोण? मी रडकुंडीला आले, तशा रोजगार हमीच्या कामावरच्या सगळ्या बाया टोपली टाकून माझ्याबरोबर त्याला शोधायला निघाल्या. दुष्काळानं पाटलीणबाईंनाही कामावर आणलं होतं. त्याही निघाल्या.

काळ्या त्यांच्याच आटलेल्या विहिरीत सापडला. तळाच्या गाळात कण्हत होता. आम्ही बौद्ध. त्या विहिरीच्या कट्ट्यावर आम्ही कधी पाय ठेवला नव्हता. मी लांबच थांबले.

"बघत काय बसलीस गं?" पाटलीणबाई ओरडल्या. "कुत्रं तुझं हाय. आम्हाला चावंल की! उतर."

सगळ्या हसल्या. दोर बाईंनीच धरला. आधी टोपल्यातून काळ्या वर गेला, मग मी.

ऐकणारे म्हणतात, तेव्हा माणुसकी होती. असेल. पण विहिरीत पाणी असतं, तर बाईंनी मला उतरू दिलं असतं का? बाई कधीच वारल्या, पण हा प्रश्न मला अजून स्वस्थ बसू देत नाही.